युद्धाचा सराव आणि आगाऊ वर्दी



उन्हाळा लागला की आपल्या येरमाळ्याच्या शिवारात विहिरींची कामे निघतात. खडक लागला की सुरुंग भरावा लागतो. पण वात पेटवण्यापूर्वी काठावरचा माणूस चारी दिशांना मोठ्याने हाळी देतो. त्या हाळीने विहिरीला पाणी कुठे लागणार हे कोणाला कळत नाही. एवढेच कळते की आता मोठा आवाज होईल, तो कोणाच्या जिवावर उठलेला नाही, आणि घटकाभर तिकडे फिरकू नये. आजच्या विषयाचे मर्म आमच्या मते त्या हाळीत आहे.

अलास्का कुठे आणि येरमाळा कुठे, असे कोणी विचारील. परंतु २०२३ च्या सप्टेंबरात अलास्कातील फोर्ट वेनराइट येथे भारत आणि अमेरिका यांचा ‘युद्ध अभ्यास’ झाला, तेव्हा आपल्या ३५० जणांच्या पथकातील मुख्य पलटण मराठा लाइट इन्फंट्रीची होती. बेळगावला जिचे केंद्र आहे, ‘बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय’ ही जिची रणगर्जना आहे, तीच ही रेजिमेंट. डोंगराळ आणि कडक हवामानात लढण्याचा तो सराव होता. तो किती दिवस, कोठे आणि कशासाठी, हे संरक्षण मंत्रालयाने प्रसिद्ध केले. पलटणीतल्या एखाद्या जवानाच्या आईला आपला मुलगा बर्फात कशासाठी गेला आहे हे समजले, त्यात देशाचे काय गेले?

उलट, वर्दी न देण्याची किंमत आपण जवळजवळ मोजली होती. १९८६ च्या अखेरीस राजस्थानात ‘ब्रासस्टॅक्स’ नावाचा प्रचंड सराव चालला होता. हा सराव की स्वारी, हे पाकिस्तानला उमगेना. त्याने फौजा हलवल्या, म्हणून आपणही हलवल्या, आणि १९८७ च्या जानेवारीत दोन्ही देश युद्धाच्या उंबरठ्याशी आले. त्यातून शहाणपण घेऊन ६ एप्रिल १९९१ रोजी मोठ्या सरावांची एकमेकांना आगाऊ सूचना देण्याचा करार झाला.

हिमालयाच्या बाजूलाही असाच प्रयत्न झाला. १९९३ मध्ये नरसिंह राव पंतप्रधान असताना चीनशी सीमाशांततेचा करार झाला. २९ नोव्हेंबर १९९६ च्या करारात तर आकडेच घातले गेले. प्रत्यक्ष नियंत्रण रेषेजवळ एका डिव्हिजनपेक्षा, म्हणजे सुमारे १५,००० सैन्यापेक्षा, मोठा सराव टाळावा. आणि एका ब्रिगेडपेक्षा, म्हणजे सुमारे ५,००० सैन्यापेक्षा, मोठा असेल तर त्याची जागा व मुदत आधी कळवावी.

पण कागदावरची शाई वाळली म्हणून शब्द पाळला जातोच असे नाही. २०२० च्या वसंतात, जनरल मनोज नरवणे लष्करप्रमुख असताना, सरावाच्या निमित्ताने जमलेले चिनी सैन्य लडाखच्या सीमेकडे वळले. १५ जूनला गलवानमध्ये आपले २० जवान धारातीर्थी पडले. आपण ती संख्या लगेच सांगितली; चीनने आपल्या चार मृतांची नावे सांगितली ती २०२१ च्या फेब्रुवारीत.

पुढे २०२२ च्या हिवाळ्यात रेषेपासून सुमारे १०० किलोमीटरवर, उत्तराखंडात औली येथे, ‘युद्ध अभ्यास’ झाला. चीनने याच दोन करारांचा हवाला देऊन आक्षेप घेतला. भारताने उत्तर दिले की या सरावाचा त्या करारांशी संबंध नाही. चीनने आधी स्वतःच्या वागणुकीकडे पाहावे. आम्हाला हे उत्तर योग्य वाटते. औलीचा सराव जाहीर होता. बोभाटा करून कोणी दरोडा घालीत नाही.

युरोपातही हाच धडा मिळाला. तेथे व्हिएन्ना दस्तऐवजानुसार ९,००० सैन्याच्या सरावाची खबर ४२ दिवस आधी द्यावी लागते. २०२२ च्या मार्चमध्ये नॉर्वेच्या बर्फात २७ देशांच्या सुमारे ३०,००० सैनिकांनी सराव केला. नॉर्वेने रशियालाही निरीक्षक पाठवण्याचे आमंत्रण दिले, ते रशियाने नाकारले. त्याच्या महिनाभर आधी बेलारूसमध्ये रशियाचा सराव चालू होता. तो २० फेब्रुवारीला संपणार होता. फौजा परतल्या नाहीत. २४ तारखेला त्याच बाजूनेही युक्रेनवर चाल झाली. ज्याने हाळी देऊन खरोखर दरोडा घातला, त्याच्या पुढच्या हाळीवर कोण विश्वास ठेवील?

म्हणून का हाळीच बंद करावी? आमचे म्हणणे उलट आहे. शस्त्रांची गुपिते, संकेत आणि लढाईचा बेत झाकलाच पाहिजे. पण कोठे, किती दिवस, किती सैन्य, कोणाबरोबर आणि कशासाठी, हे उघड असावे. सरावात अपघात झाला तर तोही उघड असावा. २०२५ च्या सप्टेंबरात आपले एक पथक अलास्कात अमेरिकेबरोबर होते, तर दुसरे रशियातील ‘झापाद’ सरावात. दोन्ही गोष्टी सरकारने जाहीर केल्या, म्हणूनच आपण कोणाच्याही गोटात लपूनछपून शिरलो असे कोणाला म्हणता आले नाही.

हे विचारण्याचा हक्क दिल्लीकरांचाच आहे असे मानू नका. सरावाला जाणारी मुले गावोगावची असतात आणि खर्च तुमच्याआमच्या करातून होतो. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर अशी चार ओळींची बातमी आली तर ती वाचा, आणि तिच्यात जे सांगितलेले नाही ते आपल्या खासदारांना विचारा. हाळी ऐकणारे कोणी उरले नाही, तर देणाराही एक दिवस कंटाळतो. आणि मग सुरुंग उडतो तो न सांगता.