हिरव्या पानापलीकडचं घर

माहितीपत्रकावर हिरवं पान छापलं म्हणून घर पर्यावरणपूरक होत नाही. बिल्डरनं आयजीबीसी किंवा ‘गृह’ या हरित इमारतींच्या मानांकनाचं नाव घेतलं, तर कागद मागा. आयजीबीसीचं पूर्वप्रमाणपत्र नुसत्या आराखड्यावरही मिळतं!

आपल्या अहिल्यानगरात प्रश्न मुख्यतः उन्हाचा आणि पाण्याचा. जुनी धाब्याची घरं जाड भिंती आणि पांढऱ्या मातीच्या छतामुळे थंड राहायची. त्यांचे फार गोडवे नकोत. धाबं पावसाआधी नीट करावं लागे, तरी गळायचंच. आता स्लॅब आहे, तर उन्हाळ्याआधी त्यावर चुन्याचा हात द्या. खर्च थोडा, फरक जाणवण्याजोगा. पश्चिमेच्या भिंतीवर सावली हवी.

आता पाणी. गच्ची १००० चौरस फूट आणि पाऊस ५०० मिलिमीटर धरला, तरी तिच्यावर सुमारे ४६ हजार लिटर पाणी पडतं. थोडं वाया गेलं, तरी ३५ हजार लिटर हाती लागावं. पहिल्या सरीचं पाणी सोडून द्या, पुढचं गाळून टाकीत घ्या; उरलेलं बोअरजवळच्या पुनर्भरण खड्ड्यात. दुरून आणलेल्या महागड्या ‘इको’ फरशीचा विचार पाण्याची ही सोय झाल्यावर करा.