मनोजन्य झटके : डॉक्टरांची कसोटी
(भाषणाचा मजकूर)



कापडाच्या व्यापाऱ्याने मेंदूच्या विकारावर बोलावे, हे धाडसच. औषधयोजना डॉक्टरांची, मी बोलणार आहे ते त्यांच्या एका अडचणीविषयी, कारण त्या अडचणीत आपणा कुटुंबीयांचाही वाटा असतो.

कुणाला फीट आली की आपल्या तोंडी एकच नाव येते, अपस्मार. त्यात मेंदूतील विद्युत्-क्रिया अकस्मात अनावर होते. परंतु तसा बिघाड नसतानाही थेट तसेच झटके येणारे रुग्ण असतात. मागे अनेकदा मनावरील आघात वा प्रदीर्घ ताण असतो. काहींत असे कारण सापडतही नाही. हे मनोजन्य झटके रुग्ण बुद्ध्या आणीत नाही. एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात डॉ. शार्को अशा रुग्णांना व्याख्यानात श्रोत्यांसमोर उभे करीत. १८८५ साली तरुण फ्रॉईड तेथे शिकावयास गेले, ते पुढे मनोविश्लेषणाकडे वळले.

आज निदानाची सर्वांत खात्रीची चाचणी म्हणजे व्हिडिओ ईईजी. झटका चालू असतानाच चित्रण व मेंदूचा आलेख एकाच वेळी घेतात. डोळे घट्ट मिटलेले असणे ही एक खूण, कारण अपस्मारात ते बहुधा उघडे असतात. मात्र एका खुणेवर निदान होत नाही. शिवाय काही रुग्णांत दोन्ही विकार एकत्र नांदतात. जर्मनीतील बॉन येथील २००२ सालच्या अभ्यासात योग्य निदानास सरासरी सात वर्षांहून अधिक काळ लागल्याचे दिसले. तोवर बहुतेकांच्या पोटात अपस्माराच्या गोळ्या जात होत्या! अमेरिकेत न थांबणाऱ्या फीटवरील तीन औषधांची तुलना २०१९ साली प्रसिद्ध झाली. तीत घेतलेल्या रुग्णांपैकी सुमारे दहा टक्क्यांचे झटके मनोजन्य निघाले. अशा प्रसंगी गुंगीची जबर औषधे आणि श्वासनलिकेत नळी, हा धोका नाहक पदरी येतो.

मात्र अनेक डॉक्टरांना निदानापेक्षाही अवघड वाटते ते सांगणे. ‘तुम्हाला अपस्मार नाही’ हे वाक्य रुग्णाच्या कानी ‘तुम्ही ढोंग करता’ असे पोहोचते. तो दुखावतो, चिडतो, दुसरा डॉक्टर गाठतो. मेंदूविकारतज्ज्ञ म्हणतात, हे मनाचे, माझ्याकडचे नव्हे. मानसोपचारतज्ज्ञांना शंका येते, अपस्मार निसटला तर नाही ना? रुग्ण या पेढीवरून त्या पेढीवर, न वटलेल्या हुंडीसारखा. पूर्वी काही ठिकाणी औषध आहे असे भासवून मिठाचे पाणी टोचीत व झटका आणवीत. निदान हाती येई, पण रुग्णाला कळले की विश्वास जाई. मला तो सौदा आतबट्ट्याचा वाटतो.

अनुभवी डॉक्टर आरंभीच सांगतात, ‘तुमचे झटके खरे आहेत.’ मग चित्रण दाखवतात, विकाराला नाव देतात, हे बरे होऊ शकते असे सांगतात. केवळ एवढ्या समजुतीने काहींचे झटके कमी होतात. ब्रिटनमध्ये ३६८ रुग्णांवर झालेल्या, २०२० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मात्र विचार-वर्तन उपचारपद्धती जोडूनही वर्षअखेर झटक्यांच्या मासिक संख्येत ठळक फरक पडला नाही. तरी झटक्यांचा जाच घटला, झटक्यांविना जाणारा सलग काळ वाढला, नित्य जीवन सुधारले. डॉक्टरांना अशा माफक यशावर धीर धरावा लागतो. झटके मोजणाऱ्या घरच्यांना तो धरवत नाही.

आपल्याकडे अजूनही कांदा वा चप्पल हुंगवतात, ‘नाटक पुरे’ म्हणतात, अंगात आले म्हणून देवऋषी गाठतात. हे सारे थांबवावे. निदान ऐकताच गोळ्या परस्पर बंद करू नयेत. त्या डॉक्टरांनीच हळूहळू कमी करावयाच्या असतात. झटका आला की रुग्णाला इजा होणार नाही असे निजवावे, पाच मिनिटांत न थांबल्यास रुग्णालयात न्यावे आणि घरातील एकाने मोबाईलवर चित्रण करावे. चेहरा, डोळे, हातपाय दिसतील असे. डॉक्टर ते आवर्जून मागतात.