कट्ट्यावर बसलेलं मूल

राज्यभरातून आलेल्या माझ्या शारीरिक शिक्षण शिक्षक बंधू-भगिनींनो,

या अधिवेशनाचं अध्यक्षपद तुम्ही मला दिलंत, त्याबद्दल मी तुमचा ऋणी आहे. बत्तीस वर्षं मैदानावर काढली. जे बोलायचं ते तिथलंच बोलतो.

माझ्या नववीच्या वर्गात एक मुलगी होती. पीटीच्या तासाला रोज चिठ्ठी घेऊन यायची. आज पोट दुखतंय, उद्या पाय मुरगळलाय. लिंबाच्या सावलीतल्या कट्ट्यावर दप्तर मांडीवर घेऊन बसून राहायची. मी तिला कामचुकार ठरवलं होतं. दोनदा सगळ्यांदेखत बोललोही. तिचे वडील त्या उन्हाळ्यात गेले होते, हे मला दिवाळीनंतर कळलं, तेही आमच्या शिपाईमामांकडून.

काय बोलावं ते सुचेना. दुसऱ्या दिवशी तिच्या हातात फक्कीचं घमेलं दिलं आणि म्हणालो, "बाळ, खो-खोचं मैदान आखायला मदत कर." दोन खांबांमधली मध्यपाटी, मग आठ आडव्या पाट्या. दोरीच्या कडेनं वाकायचं, मूठभर फक्की सोडायची, पुढे सरकायचं. खेळात रेषा पुसल्या जायच्या, दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आखायची. तीन-चार आठवड्यांनी एकदा हात झटकत ती म्हणाली, "सर, आता रात्री झोप लागते." पुढे ती खेळायलाही उतरली. जिल्ह्याच्या संघात कधी गेली नाही, पण चिठ्ठ्या यायच्या थांबल्या.

तेव्हा मला त्यामागचं शास्त्र ठाऊक नव्हतं. २०२० मध्ये 'लॅन्सेट सायकिअॅट्री' या नियतकालिकात इंग्लंडमधल्या ब्रिस्टल परिसरातल्या चार हजारांहून अधिक मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. वयाच्या १२, १४ आणि १६ व्या वर्षी मुलांच्या कमरेला हालचाल मोजणारं यंत्र बांधलं होतं आणि १८ व्या वर्षी नैराश्याची लक्षणं तपासली. ज्यांचे अधिक तास बसण्यात गेले, त्यांच्यात लक्षणं जास्त आढळली. बाराव्या वर्षी दिवसाकाठी तासभर हलकी हालचाल जास्त करणाऱ्यांत ती सुमारे १० टक्क्यांनी कमी होती. हलकी म्हणजे चालणं, घरातली कामं करणं. असा अभ्यास संबंध दाखवतो, कारण सिद्ध करत नाही, हे मान्य. पण ते वाचताना मला फक्कीचं घमेलं आठवलं.

शरीर हललं की झोप सुधारते, डोक्यात घोळणारे विचार थोडा वेळ सुटतात, आणि चार जणांच्या हाकेला ओ द्यावी लागते. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला मनातलं सांगायला शब्द सापडत नाहीत. एखादा झेल पकडला की 'मला जमलं' एवढं मात्र त्याला नक्की कळतं.

जागतिक आरोग्य संघटना म्हणते, ५ ते १७ वर्षांच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटांची मध्यम ते जोरकस हालचाल हवी. संघटनेच्याच संशोधकांनी १४६ देशांची आकडेवारी २०१९ मध्ये मांडली. ११ ते १७ वयाच्या ८१ टक्के मुलांना तेवढी हालचाल मिळत नव्हती. मुलग्यांत हे प्रमाण ७८ टक्के, मुलींत ८५. मुली मागे पडतात त्या कुठे, हे आपण रोज पाहतो. आठवीत गेली की ओढणी येते, पाळीची धास्ती येते, घरून 'आता पुरे' येतं. आणि मैदान मुलग्यांचं होऊन जातं.

आपल्या भूमीत व्यायामाची परंपरा मोठी आहे. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चं. १९३६ साली त्याच्या पथकानं बर्लिनला जाऊन आपले देशी खेळ दाखवले. पुण्याचं महाराष्ट्रीय मंडळ १९२४ चं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं तर शाळेला मैदान हवं, असं अनुसूचीतच लिहून ठेवलं. परंपरा आहे, कायदा आहे. मग चुकतंय कुठे?

काही चुका आपल्याच आहेत. गृहपाठ राहिला की आपण उठाबशा काढायला लावतो, उशीर झाला की मैदानाला पाच फेऱ्या. जे मुलांना आवडायला हवं, त्याचीच आपण शिक्षा केली. मग 'पोरांना व्यायामाचा कंटाळा' म्हणायचा आपल्याला अधिकार राहत नाही. चाचणी जवळ आली की आपला तास गणिताला जातो आणि आपण मुकाट्यानं देतो. जिंकणाऱ्या बारा जणांना शिट्टी मारून पळवतो आणि उरलेले चाळीस कट्ट्यावर बसतात. कपाटातले करंडक मला प्रिय आहेत. पण शाळा आपल्याला पगार देते तो त्या चाळीस मुलांसाठीही.

एक गोष्ट बजावून सांगतो. खेळ हा उपचाराला पर्याय नाही. मूल जेवेनासं झालं, मित्र तोडू लागलं, मरणाची भाषा बोलू लागलं, तर त्याला मैदानात पिटाळू नका. जवळ बसा, पालकांना बोलवा, डॉक्टरांपर्यंत पोचवा. केंद्र सरकारची 'टेलि-मानस' सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. हा क्रमांक प्रत्येक क्रीडाकक्षाच्या दारावर लिहा. मुलांची बदललेली चाल, पडलेले खांदे वर्गशिक्षकाच्या आधी आपल्याला दिसतात. ते पाहायचं काम आपलं आहे.

मित्रहो, माझ्या तीन मागण्या आहेत, आणि त्या सरकारकडे नाहीत, तुमच्याकडे आहेत. व्यायामाची शिक्षा आजपासून बंद करा. आपला तास दुसऱ्या विषयाला देऊ नका. आणि सोमवारी शाळेत गेलात की आधी कट्ट्याकडे बघा. तिथे जे मूल बसलं असेल, त्याला नावानं हाक मारा आणि त्याच्या हाती काहीतरी काम द्या.