आभाळाचा हिशोब आणि घरचा हिशोब
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



संयोजकांनी आम्हाला विषय दिला आहे ‘विज्ञान आणि आपण’. विषय मोठा, वेळ वीस मिनिटांचा, आणि आम्ही काही शास्त्रज्ञ नव्हे. दर रविवारी विहारात जो अभ्यासवर्ग भरतो त्यातले आम्ही एक विद्यार्थी. वर्ग घेते आमची पुतणी. तेव्हा इथे काही चुकलं तर तिला बोल लावू नका, दोष आमच्या समजुतीचा.

मागे एका रविवारी तिने पुठ्ठ्याचा एक चौरस कापून आणला. म्हणाली, डोळे मिटा. आम्ही मिटले. तिने तो पाव फेरा फिरवला आणि विचारलं, काय बदललं? काहीच नाही! होता तसाच दिसत होता. मग तिने दाखवलं की असे फिरवण्याचे चार प्रकार, ज्यात मुळीच न फिरवणं हाही एक, आणि उलटण्याचे चार, मिळून आठ. त्यातले कोणतेही दोन एकापाठोपाठ करा, उत्तर त्या आठांतच येतं, नववा प्रकार निघत नाही. अशा रचनेला गणितात ग्रुप म्हणतात, आणि अमूर्त बीजगणितात अशाच रचनांचा अभ्यास होतो. आमच्या शेजारी बसलेल्या आजींनी सरळ विचारलं, “बाई, ह्याचा उपयोग काय?”

प्रश्न रास्तच होता. त्यावर पुतणीने एमी नोएदर या बाईंची हकिकत सांगितली.

1915 साल. जर्मनीतल्या गॉटिंगेन विद्यापीठात हिल्बर्ट आणि क्लाइन या नामवंत गणितज्ञांनी नोएदरबाईंना बोलावून घेतलं. आइनस्टाइनचा गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धान्त तेव्हा आकाराला येत होता, आणि त्यात ऊर्जेचा हिशोब नीट बसत नव्हता. ऊर्जा नाहीशी होत नाही, हे आपण शाळेत घोकलेलं. मग इथे अडचण काय? बाईंनी 1918 मध्ये उत्तर छापलं. निसर्गाचे नियम जर काल, आज आणि उद्या सारखेच असतील, तरच ऊर्जा कायम राहते. म्हणजे तो पुठ्ठ्याचा चौरस! फिरवून जे बदलत नाही, त्यातूनच जमाखर्चाचा नियम निघतो.

आणि ह्या बाईंना विद्यापीठात स्वतःच्या नावाने शिकवायची परवानगी नव्हती. का, तर बाई म्हणून. वर्ग हिल्बर्टच्या नावाने जाहीर व्हायचा, शिकवायच्या त्या. पगार नाही. 1919 साली परवानगी मिळाली. 1921 साली त्यांनी अमूर्त बीजगणिताचा पाया घालणारा निबंध लिहिला. 1933 मध्ये ज्यू म्हणून त्यांना काढून टाकलं. त्या अमेरिकेला गेल्या आणि 1935 मध्ये वारल्या. हे ऐकताना वर्गात सगळे गप्प होते. दाराबाहेर उभं ठेवणं म्हणजे काय, हे आपल्या लोकांना वेगळं समजावून सांगायला लागत नाही.

आता आभाळाकडे येऊ. विश्वाचं वय साधारण 1380 कोटी वर्षं. सुरुवातीनंतर सुमारे 3 लाख 80 हजार वर्षांनी जो प्रकाश मोकळा झाला, तो आजही चारी दिशांनी आपल्याकडे येतोय. 1965 साली पेन्झियास आणि विल्सन यांनी त्याचा शोध जाहीर केला. निघाला तेव्हा तापमान सुमारे 3000 केल्विन होतं, आज 2.7. अवकाश ताणलं गेलं, त्याबरोबर प्रकाशाची लहरही ताणली गेली आणि तिची ऊर्जा घटली. ती गेली कुठं? कुठंच नाही. ताणल्या जाणाऱ्या विश्वात काल आणि आज सारखे नसतात, म्हणून तिथे एकूण ऊर्जा कायम राहण्याचा नियमच लागू होत नाही. नोएदरबाईंचं गणित हेच सांगतं. आम्हाला हे पचायला तीन रविवार लागले.

आपल्या कोल्हापुरात जन्मलेले डॉ. जयंत नारळीकर, जे 2025 मध्ये गेले, त्यांनी आणि हॉइल यांनी महास्फोटाऐवजी दुसरी मांडणी केली होती. अवकाश पसरताना नवं द्रव्य निर्माण होतं, असं ते म्हणत. पण नुसतं म्हणून थांबले नाहीत. द्रव्य आलं तर त्याची ऊर्जा कुठून आली, हे दाखवायला ऋण ऊर्जेचं क्षेत्रही त्यांनी गणितात आणलं. पुढे बहुसंख्य शास्त्रज्ञांनी ती मांडणी स्वीकारली नाही, हा भाग वेगळा.

आभाळाचा हिशोब असा कसून होतो. मग घरचा?

सरकार ‘राष्ट्रीय आरोग्य लेखे’ काढतं. देशात औषधपाण्यावर किती खर्च झाला आणि तो कुणी केला, याचा हा जमाखर्च. लोकांनी स्वतःच्या खिशातून केलेला खर्च 2013-14 मध्ये एकूण खर्चाच्या 64.2 टक्के होता, 2021-22 मध्ये 39.4 टक्के. सरकारचा खर्च त्या वर्षी राष्ट्रीय उत्पन्नाच्या 1.84 टक्के, आणि 2017 च्या धोरणात 2025 पर्यंत गाठायचं ठरवलं होतं अडीच टक्के. आकडा घटला, चांगलंच आहे. पण खिशातल्या खर्चाचा आधार आहे 2017-18 मध्ये घरोघर केलेली नमुना पाहणी. पुढच्या वर्षांचा आकडा त्यावरून अंदाजाने काढलेला. म्हणजे करोनातली बिलं कुणी घरी येऊन विचारलेली नाहीत.

आमच्या आईचं बिल 2021 चं आहे. खाजगी दवाखान्यात अकरा दिवस. आई वाचली. पाटल्या गेल्या, आणि पुतणीच्या एम.एस्सी.साठी ठेवलेले पैसेही गेले. ते पैसे ‘तात्पुरते’ घेतो असं तिला आम्हीच सांगितलं होतं. तेव्हापासून ती शिकवण्या घेते.

बाबासाहेबांचं 1923 चं ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ आपल्याला ऐकून तरी माहीत असतं. 1925 साली प्रसिद्ध झालेला प्रांतिक अर्थव्यवस्थेवरचा ग्रंथ मात्र आपल्यापैकी फार थोड्यांनी उघडलाय, आम्हीही परवाच उघडला. केंद्राने काय उचलायचं, प्रांताने काय, आणि कराचा भार कुणावर, हाच त्यातला शोध. इस्पितळं आजही घटनेनुसार राज्यांकडे आहेत. तेव्हा हा प्रश्न आपल्या घरातलाच.

लोक आम्हाला सांगतात, पोरीला नर्सिंगला घाला, बीजगणित घेऊन काय करणार? नर्सिंग वाईट नाही. पण तिला ते नकोय. तिला नोएदरबाईंचं पुढचं वाचायचंय. अभ्यासवर्गाने ठरवलंय की एक वही घालायची. वस्तीतल्या घरांची दवाखान्याची बिलं, नावं न लिहिता, तारखेसह त्यात उतरवायची. पहिलं बिल आमचं लिहिलंय.

आणि एम.एस्सी.चा फॉर्म कालच भरला. फी दोन हप्त्यांत घेतात का, ते सोमवारी विद्यापीठात जाऊन विचारणार आहोत. जयभीम!