लिंब तोडू नका, लिंबोळ्या वेचा



दिंडीला शंभर वर्षं झाली. केजहून पंढरीला जाताना आपण कुणाच्या सावलीला बसलो, असं विचारलं तर पहिलं नाव लिंबाचं येतं. विसावा लिंबाखाली, भाकरी लिंबाखाली, पखवाज टांगायचा तोबी लिंबालाच. आपला संप्रदाय झाडाला सोयरा म्हणतो. मग सोयऱ्याच्या दुखण्याला जावं लागतंच.

२०२१ साली तेलंगणात ठिकठिकाणी लिंब वाळले. पुढं आपल्या शिवारातबी पावसाळा सरताना शेंडे करपलेले आम्ही पाहिले. जाणकार सांगतात, ही फोमॉप्सिस नावाची बुरशी. कोकणात काजूवर पडतो तो ढेकण्याही कोवळ्या शेंड्यातला रस शोषतो, त्यानं दुखणं वाढतं.

शेंडा वाळला की लोक लाकूडवाल्याला बोलावतात. आम्ही म्हणतो, थांबा. शेंडा वाळला म्हणजे झाड मेलं नव्हं. आमच्या भजनी मंडळींनी वाळक्या फांद्या हिरव्या लाकडापर्यंत छाटल्या अन् जाळल्या. उन्हाळ्यात बऱ्याच झाडांना पालवी फुटली. फवारणी करायची तर कृषी खात्याच्या माणसाला विचारूनच करा.

अमेरिकेत चेस्टनट नावाचं झाड होतं. १९०४ साली न्यूयॉर्कात त्याच्या सालीला बुरशी लागलेली दिसली. पन्नास वर्षांत सुमारे ४०० कोटी झाडं गेली. मुळ्या जित्या हायेत, धुमारा फुटतो अन् पुन्हा मरतो. तिथली माणसं चिनी चेस्टनटशी संकर करून कित्येक वर्षं नवं झाड घडवतायत. ज्यांनी रोपं लावली, त्यातल्या कितीकांनी सावली पाहिली नाही. तरी लावली. आपल्या लिंबावर ती पाळी आली नाही, तवर हात हलवू या.

आषाढी वारी अन् पिकल्या लिंबोळ्या एकाच वक्ताला येतात. ही देवाचीच सोय. ज्या लिंबाला रोग शिवला नाही, त्याच्याखालच्या लिंबोळ्या वेचा. एकाच झाडाच्या नको, दहा झाडांच्या घ्या. गर धुवा, बी सावलीत सुकवा अन् लगेच पिशवीत लावा. लिंबाचं बी फार दिवस टिकत नाही; काही आठवड्यांतच त्याची उगवण जाते. पुढच्या वारीला रोप विसाव्याच्या जागी लावा अन् तिथल्या गावकऱ्याच्या स्वाधीन करा. दोन उन्हाळे पाणी घालणारा हात ठरल्याशिवाय खड्डा खांदू नका.

आपल्याला सावली देणारे लिंब लावणाऱ्यांची नावं आपल्याला ठाऊक नाहीत. पुढल्या शंभर वर्षांच्या वारकऱ्यांना आपली नावं ठाऊक नसली तरी चालंल. सावली मात्र असावी.

रामकृष्ण हरी!