ऑपरेशननंतरची उदासी आणि पोटातले जीवाणू



कॅन्सरचं ऑपरेशन नीट पार पडतं, टाके सुकतात. पण पेशंट बोलेनासा होतो. जेवत नाही, रात्रभर जागा असतो. घरातले म्हणतात, 'जीव वाचला ना? आता सब्र कर.' आज या उदासीबद्दल बोलू या. कारण अम्मी-अब्बांचे रिपोर्ट, औषधं आणि मोबाइलवर येणारे सल्ले बहुतेक घरांत तुम्हीच सांभाळता.

आपल्या शरीरात जितक्या पेशी, साधारण तितकेच जीवाणू असतात. त्यातले बहुतेक मोठ्या आतड्यात. शरीरातलं सुमारे ९० टक्के सेरोटोनिनही आतड्यातच बनतं. ते थेट मेंदूत पोहोचत नाही. पण व्हेगस मज्जातंतू, हार्मोन्स आणि प्रतिकारयंत्रणा यांच्यामार्फत पोट आणि मेंदू एकमेकांना निरोप देत असतात. २००४ मध्ये जपानी संशोधकांना दिसलं की, जीवाणूंशिवाय वाढवलेल्या उंदरांचं शरीर ताणाला जास्त तीव्र प्रतिसाद देतं. एक विशिष्ट जीवाणू त्यांच्या पोटात सोडल्यावर तो प्रतिसाद सौम्य झाला.

ऑपरेशनच्या काळात अँटिबायोटिक्स, उपाशी राहणं, वेदनाशामकं, पुढे केमो या सगळ्यांचा धक्का पोटातल्या या वस्तीला बसतो. मग प्रोबायोटिकची कॅप्सूल घेतली की मन सुधारेल का? काही छोट्या चाचण्यांत नैराश्याची लक्षणं थोडी कमी झाली आहेत. पण उंदीर म्हणजे माणूस नव्हे आणि छोटी चाचणी म्हणजे इलाज नव्हे. २०१८ मध्ये इस्राएलमधल्या एका अभ्यासात अँटिबायोटिकनंतर प्रोबायोटिक घेणाऱ्यांचे मूळचे जीवाणू परतायला उलट जास्त वेळ लागला. केमोमुळे प्रतिकारशक्ती घटलेली असेल, तर कॅप्सूलमधले जिवंत जीवाणू क्वचित रक्तातही शिरतात. म्हणून जाहिरात पाहून काही आणू नका. आधी कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारा. त्या काळात घरचं दही-ताक चालेल का, हेही त्यांनाच विचारा.

आणि सगळा दोष जीवाणूंवर टाकू नका. आजार परतण्याची भीती, कर्ज, काढलेला स्तन, पोटाला लावलेली पिशवी यांचं दुःख कॅप्सूलने जात नाही. दोन आठवड्यांहून जास्त उदासी टिकली, तर पुढच्या तपासणीला डॉक्टरांना ती स्पष्ट सांगा. समुपदेशन आणि औषधं दोन्ही उपलब्ध आहेत. टेली-मानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर मराठीतही मोफत बोलता येतं. पेशंट मरणाची भाषा करत असेल, तर त्याला एकटं सोडू नका. त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

सब्र म्हणजे गप्प बसून सोसणं नव्हे. घरी गेल्यावर पेशंटला 'जेवलात का?' एवढंच विचारू नका. 'मनाला कसं वाटतंय?' हेही विचारा आणि उत्तर पूर्ण ऐका.