तांबेऱ्याची वाट आणि आपले शेत

(रब्बी हंगामाच्या प्रारंभी शेतकरी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा सारांश)



गव्हाच्या खोडावर विटकरी पूड दिसू लागली की आपण म्हणतो, तांबेरा आला. तो आला कोठून, हे मात्र आपण क्वचितच विचारतो.

आग्र्याचे प्राध्यापक करमचंद मेहता यांनी याच प्रश्नाचा ध्यास घेतला. मैदानी प्रदेशातील उन्हाळ्यात ही बुरशी तग धरीत नाही. थंड डोंगराळ भागात ती जिवंत राहते आणि तेथून दरवर्षी खाली उतरते, हे त्यांनी दाखवून दिले. काळ्या तांबेऱ्याचे उगमस्थान निलगिरी व पळणीच्या डोंगरांत आहे. तेथील बीजाणू वादळी वाऱ्यांसोबत मध्य भारतापर्यंत पोहोचतात आणि पावसाबरोबर पिकावर उतरतात, हे पुढे नागराजन व जोशी या शास्त्रज्ञांनी उलगडले. १९४६-४७ साली याच रोगाच्या साथीने मध्य भारतातील गव्हाची दाणादाण उडवली होती.

तात्पर्य, तांबेरा हे कोणा एकट्याचे संकट नव्हे. वाटेवरच्या शेतात प्रतिकारक वाण असेल, तर रोगाची साखळी तेथेच तुटते. नसेल, तर तेच शेत पुढच्या गावाला रोग पोहोचवते. लोक-१ या वाणाची पोळी घराघरांत आवडते, हे मान्य. परंतु तो तांबेऱ्याला सहज बळी पडतो. निफाडच्या कृषी संशोधन केंद्राने त्र्यंबक, तपोवन असे प्रतिकारक वाण दिले आहेत. मात्र बुरशीही रूप पालटते. म्हणून एकाच वाणावर वर्षानुवर्षे विसंबू नये.

बागायती गव्हाची वेळेवरची पेरणी १ ते १५ नोव्हेंबरदरम्यान करावी. उशिराचे पीक दाणे भरताना उबदार हवेत सापडते आणि काळ्या तांबेऱ्याला तीच हवा मानवते. बियाण्यास किलोला ३ ग्रॅम थायरम चोळावे. त्याने बियाण्यावरील व जमिनीतील बुरशीपासून रोपाचे रक्षण होते, वाऱ्यावरून येणाऱ्या तांबेऱ्यापासून नव्हे. नत्राचा अतिरेक टाळावा. रोगाचे पहिले ठिपके दिसताच प्रोपिकोनॅझोल लिटरला १ मिलिलिटर या प्रमाणात फवारावे आणि शेजाऱ्यालाही तत्काळ कळवावे.

वारा बांध ओळखत नाही. म्हणून कोणते बियाणे पेरायचे, हा निर्णय घरात बसून एकट्याने घेण्याचा नाही. तो गावाने एकत्र बसून घ्यावा, एवढीच माझी आपणांस विनंती आहे.